संगणकाचा दप्तरदार बदलावा काय ?

आमच्या शाळेच्या संगणक-कक्षांत गेल्या जून महिन्यापासून एक लहानसा फेरफार करण्यांत आला आहे. त्यासंबंधानें पालकांच्या सभेंत बरीच चर्चा झाली. कित्येकांनीं तो अनावश्यक ठरविला, एकदोघांनीं अपायकारकहि ठरविला. वेळ थोडा असल्यामुळें आम्हांस आपलें म्हणणें त्या दिवशीं नीट मांडतां आलें नाहीं. तें या वार्षिकाच्या पानांवर मांडण्यास संपादकांनीं अनुमति दिली, याबद्दल आम्ही त्यांचे आभारी आहों.

फेरफार तो असा. आपल्या फाइली पाहण्यासाठीं, त्या एका जागेहून दुसऱ्या जागीं नेण्यासाठीं, त्यांस नांवें देण्यासाठीं व नकोशा झाल्या म्हणजे टाकून देण्यासाठीं संगणकांत जो प्रोग्राम असतो, त्यास फाइल मॅनेजर म्हणतात. विंडोजवर तो यंत्राबरोबरच येतो. पिवळ्या फोल्डरच्या चित्राचा फाइल एक्सप्लोरर तो हाच. मॅकवर फाइंडर असतो, लिनक्सवर आणखी निराळे असतात. आपण त्यांची निवड केलेली नसते. नव्या घरांत राहावयास जावें आणि पूर्वीच्या मालकाचें कपाट तेथें आधींच उभें असावें, तसा हा प्रकार आहे. आम्हीं शाळेंत त्या कपाटाच्या जोडीस दुसरा, अधिक समर्थ फाइल मॅनेजर बसविला असून आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांनीं शाळेचें काम त्यांतच करावें असा नियम केला आहे. त्याचें नांव डबल कमांडर. तो विनामूल्य मिळतो, त्याचा सोर्स कोड कोणासहि पाहतां येतो, आणि विंडोज, लिनक्स व मॅक या तिहींवर तो चालतो.

‘फाइल मॅनेजर’ या नांवापेक्षां आमच्या मनास ‘दप्तरदार’ हा आपला जुना शब्द अधिक पटतो. पुण्यास पेशवे दप्तर आहे, हें विद्यार्थ्यांनीं इतिहासाच्या तासाला ऐकलें असेलच. तेथील कागद कापडी रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांनीं त्यांतून निवडक कागद वेंचून १९३० नंतरच्या कांहीं वर्षांत ४५ भाग प्रसिद्ध केले. कागद कितीहि मोलाचा असो, तो कोणत्या रुमालांत आहे हें कोणासच ठाऊक नसेल तर तो नसल्यासारखाच. संगणकांतील फोल्डर म्हणजे रुमालच होय; व आपल्या मुलांस आज आपले रुमाल कोठें आहेत हें ठाऊक नाहीं, अशी आमची तक्रार आहे. फोनवर वाढलेल्या मुलांस छायाचित्र म्हणजे ‘गॅलरींत’ असतें, गाणें म्हणजे ‘ॲपमध्यें’ असतें. नववीच्या वर्गांत आम्हीं विचारलें कीं, तुमचा निबंध कोठें ठेवला आहे ? तर दहापैकीं सातांनीं ‘वर्डमध्यें’ असें उत्तर दिलें. हें उत्तर ‘माझी वही पेनमध्यें आहे’ असें म्हणण्यासारखें आहे.

परंतु एवढ्यानें आम्हीं नियम केला नसता. तो करण्यास जी गोष्ट कारण झाली, ती सांगणें आम्हांस सुखाचें नाहीं. कारण तींत चूक आमची आहे.

दोन वर्षांपूर्वीं इयत्ता आठवींतील एका मुलीनें मराठीच्या प्रकल्पासाठीं आपल्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या. दिवाळीच्या सुटींत आईच्या फोनवर ११ मुद्रणें झालीं, तीं आम्हीं शाळेच्या संगणकावर तिच्या नांवाच्या फोल्डरांत उतरवून घेतलीं. पुढें नाताळांत मामा आले, त्यांच्या फोनवर आणखी १४ झालीं. दोन्ही फोन आपापल्या परीनें शहाणे होते. दोघांनींहि आपल्या फाइलींस ‘रेकॉर्डिंग ००१’ येथपासूनच नांवें दिलीं होतीं. जानेवारींत मुलीनें दुसरा संच पेन ड्राइव्हवर आणला, आणि आम्हीं तो त्याच फोल्डरांत टाकला. यंत्रानें विचारलें कीं, या नांवाच्या ११ फाइली येथें आधींच आहेत, त्यांच्या जागीं या नव्या ठेवूं काय ? मधल्या सुटीची घंटा झाली होती, दुसऱ्या वर्गाचीं मुलें दारांत उभीं होतीं. आम्हांस वाटलें, मुलीनें जुन्याच फाइली पुन्हां आणल्या असाव्यात. आम्हीं ‘होय’ वर बोट ठेवलें व उठलों.

फेब्रुवारींत आजी वारल्या. मार्चमधील प्रदर्शनासाठीं तें फोल्डर उघडलें तेव्हां २५ ऐवजीं १४ च मुद्रणें निघालीं. आईच्या फोनमध्यें जागा पुरत नव्हती, म्हणून ‘सरांच्या संगणकावर आहेत’ या भरंवशावर त्यांनीं दिवाळीचीं मुद्रणें केव्हांच काढून टाकलीं होतीं. आम्हीं रिसायकल बिन धुंडाळली. पण पुसलेली फाइल तेथें जाते, एका फाइलीवर दुसरी लिहिली गेली म्हणजे पहिली तेथें जात नाहीं. हें आम्हांस त्या दिवशीं कळलें. गेलेल्या ११ ओव्या आजींची प्रकृति बरी असतांनाच्या होत्या. उरलेल्या १४ त मधून मधून खोकला ऐकूं येतो. मुलगी आम्हांस एका शब्दानें बोलली नाहीं, आणि तिच्या आईनीं उलट आमचेंच समाधान केलें, तें अधिक जड गेलें.

आतां कोणी म्हणेल, यांत फाइल मॅनेजरचा काय दोष ? त्यानें तर विचारलें होतें. खरें आहे. फाइल मॅनेजर दुसरा असता तर ही चूक घडलीच नसती, असें प्रतिज्ञेवर सांगण्यास आम्ही तयार नाहीं. डबल कमांडरहि विचारतो, आणि त्यासहि घाईनें ‘होय’ म्हणतां येतें. आमचें म्हणणें याहून थोडें निराळें आहे. त्या दिवशीं आमच्या डोळ्यांपुढें काय होतें व काय नव्हतें, याचा विचार करावा. यंत्राबरोबर आलेल्या फाइल मॅनेजरांत आपण एका जागीं जाऊन फाइली ‘कॉपी’ करतों, मग ती जागा सोडून दुसऱ्या जागीं जातों, व तेथें ‘पेस्ट’ करतों. पहिली जागा दिसते तेव्हां दुसरी दिसत नाहीं, आणि दुसरी दिसूं लागते तेव्हां पहिली पाठीमागें गेलेली असते. दोहोंची तुलना मनांतल्या मनांत करावी लागते. आणि घंटा झालेल्या शिक्षकाच्या मनाची शक्ति किती असते, हें शिक्षकांस विचारावें.

दुसऱ्या जातीच्या फाइल मॅनेजरांत पडदा मधोमध उभा दुभागलेला असतो. डावीकडे एक जागा, उजवीकडे दुसरी. ज्या बाजूस आपण उभे आहों तेथून फाइल उचलली म्हणजे ती समोरच्या बाजूस जाते. ‘कोठून’ आणि ‘कोठें’ हीं दोन्ही सबंध वेळ समोर असतात. त्या जानेवारींत आमच्यासमोर असा पडदा असता, तर डावीकडे ‘रेकॉर्डिंग ००१’ आणि उजवीकडेहि ‘रेकॉर्डिंग ००१’, डावीकडे नाताळची तारीख आणि उजवीकडे दिवाळीची, हें यंत्रानें विचारण्यापूर्वींच डोळ्यांस दिसलें असतें. डोळ्यांस दिसलेली गोष्ट माणूस घाईंतहि सहसा ओलांडीत नाहीं. एवढाच आमचा मुद्दा आहे, आणि आमच्या मतें तो पुरेसा आहे.

ही रचना कांहीं नवी नाहीं. जॉन सोचा या अमेरिकन प्रोग्रामरनें नॉर्टन कमांडर नांवाचा प्रोग्राम लिहिला, तो १९८६ सालीं पीटर नॉर्टन यांच्या कंपनीनें प्रसिद्ध केला. निळ्या पडद्यावर दोन चौकटी, आणि खालीं कळींची एक ओळ. आम्ही कॉलेजांत असतांना प्रयोगशाळेंतील जुन्या संगणकांवर तो चालत असे, व तेव्हां आमच्याकडे माऊससुद्धां नव्हता. एफ ३ नें फाइल पाहावी, एफ ४ नें तींत लिहावें, एफ ५ नें प्रत करावी, एफ ६ नें हलवावी, एफ ७ नें नवें फोल्डर करावें, एफ ८ नें पुसावें, आणि टॅबनें एका बाजूहून दुसऱ्या बाजूस जावें. पुढें १९९३ सालीं स्वित्झर्लंडच्या ख्रिश्चन गिस्लर यांनीं विंडोजसाठीं अशाच घाटाचा प्रोग्राम काढला. त्याचें नांव विंडोज कमांडर होतें, तें २००२ सालीं बदलून टोटल कमांडर झालें. १९९४ सालीं मेक्सिकोच्या मिगेल दे इकाझा यांनीं मिडनाइट कमांडर लिहिला. रार या प्रसिद्ध प्रोग्रामचे कर्ते यूजीन रोशाल यांनीं १९९६ सालीं फार मॅनेजर काढला. इतक्या वर्षांत संगणकाचें रूप ओळखूं येणार नाहीं इतकें पालटलें. परंतु शाळेंत डबल कमांडर उघडून आम्हीं सवयीनें एफ ५ दाबला, तेव्हां प्रतच झाली. पायपेटीच्या पट्ट्या कोणीं हलविल्या नाहींत, असें पाहून जुन्या वाजविणाऱ्यास जो आनंद होतो, तो आम्हांस झाला.

पालकांचा पहिला आक्षेप असा कीं, जें यंत्राबरोबर आलें आहे तें मोठ्या कंपनीनें विचार करूनच दिलें असणार. तें बदलणारे आम्ही कोण? हा आक्षेप नम्रतेचा आहे, म्हणून आम्ही त्यास आदरानें उत्तर देतों. जें सर्वांस द्यावयाचें तें कोणासहि बिचकविणारें नसावें, हा विचार त्यांत असतो, आणि तो योग्यच आहे. परंतु कोणास बिचकवूं नये म्हणून जें झांकलें जातें, त्यांत कित्येकदां गरजेचेंहि झांकलें जातें. आणि तें झांकण्याचा किंवा काढून घेण्याचा निर्णय आपण करीत नसतों. लिनक्सवरील नॉटिलस या फाइल मॅनेजरांत एके काळीं एफ ३ दाबली म्हणजे दुसरी चौकट उघडत असे. २०१२ सालच्या आवृत्तींत ती सोय काढून टाकण्यांत आली. ज्यांचें काम त्या चौकटीवर चाललें होतें त्यांनीं काय करावें ? लिनक्स मिंटच्या मंडळींनीं जुन्या नॉटिलसवरूनच नेमो नांवाचा निराळा फाइल मॅनेजर उभा केला, व तो आजहि दोन चौकटींचा आहे. उलटपक्षीं, विंडोजच्या फाइल एक्सप्लोररांत एकाच खिडकींत अनेक टॅब उघडण्याची सोय २०२२ सालीं आली. टोटल कमांडर वापरणारांस ती कितीतरी वर्षें आधींपासून मिळत होती. यंत्राबरोबर येणारी वस्तु वाईट असते असें यावरून ठरत नाहीं. ती शेवटली नसते, एवढें ठरतें.

झांकलेल्या गोष्टींपैकीं एक तर पालकांनीं अवश्य ध्यानांत ठेवावी. फाइलीच्या नांवाच्या शेवटीं टिंब देऊन कांहीं अक्षरें असतात, त्यांस एक्स्टेंशन म्हणतात. ती फाइल चित्र आहे, मजकूर आहे, कीं उघडतांच कांहीं कृति करणारा प्रोग्राम आहे, हें त्या अक्षरांवरून कळतें. विंडोजमध्यें ओळखीचीं एक्स्टेंशनें सुरुवातीस झांकलेलीं असतात. मे २००० मध्यें फिलिपाईन्सहून ‘आय लव्ह यू’ नांवाची संगणकाची सांथ निघाली आणि थोड्या दिवसांत जगभर पसरली. टपालाबरोबर आलेल्या त्या फाइलीचें नांव प्रेमपत्राचें होतें. त्यापुढें ‘टी-एक्स-टी’ व त्याहि पुढें ‘व्ही-बी-एस’ अशीं अक्षरें होतीं. शेवटचीं अक्षरें झांकलेलीं असल्यामुळें अनेकांस ‘टी-एक्स-टी’ एवढेंच दिसलें. साधें पत्र समजून त्यांनीं तें उघडलें, आणि त्या प्रोग्रामानें त्यांच्या चित्रांवर आपलीच प्रत लिहून ठेवली. (लिहिलेल्यावर लिहिलें जाणें म्हणजे काय, हें आम्हीं वर सांगितलेंच आहे.) डबल कमांडरांत एक्स्टेंशनचा स्तंभच निराळा असतो. अर्थात् फाइल एक्सप्लोररांतहि ‘व्ह्यू’ खालीं जाऊन तीं उघडीं करतां येतात, आणि ज्यांस दुसरें कांहींच बदलावयाचें नसेल त्यांनीं आज घरीं जाऊन निदान एवढें तरी करावें.

दुसरा आक्षेप एका पालकांनीं घेतला; त्यांचा छायाचित्रांचा व्यवसाय आहे. ते म्हणाले, “सर, दोन खिडक्या शेजारीं शेजारीं लावल्या कीं तेंच होतें. त्यासाठीं नवा प्रोग्राम कशाला ?” खरोखर तसें करतां येतें. परंतु जें दरवेळीं मुद्दाम मांडावें लागतें, तें घाईच्या वेळीं मांडलें जात नाहीं. आणि चुका घाईच्याच वेळीं होतात. पुढें आम्हीं त्यांस शाळेंत बोलावून एक प्रयोग दाखविला. क्रीडादिनाचीं छायाचित्रें तीन शिक्षकांच्या फोनवरून आलीं होतीं, त्यांतील पुष्कळांचीं नांवें सारखीं. तीं तीन फोल्डरांत निरनिराळीं ठेवून, अनेक फाइलींचीं नांवें एकदम बदलण्याची जी सोय तेथें आहे ती उघडली. एका बाजूस जुनें नांव, दुसऱ्या बाजूस होणारें नवें नांव, अशी यादी समोर आली. अजून कांहींच बदललेलें नव्हतें. नुसतें दिसत होतें. प्रत्येक नांवांत आधीं वर्ष, मग महिना, मग दिवस, नंतर शिक्षकाचें आद्याक्षर व क्रमांक घातला. (वर्ष आधीं घालावें, म्हणजे फाइली आपोआप काळाच्या क्रमानें लागतात, दिवस आधीं घातला तर सगळ्या महिन्यांच्या १ तारखा एकत्र येऊन बसतात.) मग खूण केली, आणि सर्व नांवें बदललीं. त्या गृहस्थांनीं बराच वेळ पाहिलें, व ‘लग्नसराईंत आमचे दोन दिवस यांतच जातात’ असें म्हणून प्रोग्रामचें नांव कागदावर लिहून घेतलें.

यासारख्या आणखीहि सोयी आहेत. दोन फोल्डरांची तुलना करून कोणती फाइल एकीकडे आहे व दुसरीकडे नाहीं, कोणती जुनी व कोणती नवी, हें दाखविण्याची सोय त्यांतल्या त्यांत उपयोगाची. पेन ड्राइव्हवरची प्रत पुरी झाली आहे कीं नाहीं, याची शंका तिनें फिटते. बाकीच्यांची यादी देऊन आम्ही वाचकांस कंटाळा आणीत नाहीं.

तिसरा आक्षेप धोक्याचा आहे, आणि त्यांत तथ्य आहे. धार लावलेली विळी भाजी लवकर चिरते आणि बोटहि लवकर कापते. दोन चौकटींच्या प्रोग्रामांत जी बाजू चालू असेल तिच्यावर आज्ञा लागू होते. ऑगस्टमध्यें नववीच्या एका मुलानें डावीकडे पाहत पाहत एफ ८ दाबली, पण चालू होती उजवी बाजू. त्याच्या सोबत्याचें विज्ञानाचें टिपण गेलें. तें संगणकाच्या डिस्कवर होतें म्हणून रिसायकल बिनमधून परत मिळालें. पेन ड्राइव्हवरून पुसलेली फाइल विंडोजच्या त्या पेटींत जात नाहीं, हें विद्यार्थ्यांनीं कायमचें लक्षांत ठेवावें. त्या दिवसापासून पुसण्यापूर्वीं वरची जागेची ओळ मोठ्यानें वाचण्याचा नियम आम्हीं वर्गांत घातला आहे. सुरुवातीस मुलें हंसत. आतां हंसत नाहींत. शिवाय शाळेच्या फाइलींची एक प्रत निराळ्या डिस्कवर दर शनिवारीं केली जाते. ही दुसरी प्रत दोन वर्षांपूर्वीं असती तर हा लेख लिहावा लागला नसता, हें आम्ही मोकळेपणानें कबूल करतों. कोणताहि फाइल मॅनेजर दुसऱ्या प्रतीची जागा घेऊं शकत नाहीं.

‘बदलणें’ या शब्दाचाहि थोडा खुलासा केला पाहिजे, कारण आमच्या एका उत्साही विद्यार्थ्यानें घरीं जाऊन जुना फाइल एक्सप्लोरर मुळांतूनच काढून टाकण्याचा खटाटोप आरंभिला होता. तसें करूं नये. विंडोजमध्यें पडद्यावरचीं चित्रें व खालची पट्टी त्याच प्रोग्रामकडून उभीं राहतात. तो गेला तर घराचा दरवाजाच गेला. शिवाय एखाद्या प्रोग्रामांतून फाइल ‘सेव्ह’ करतांना जी खिडकी उघडते ती यंत्राचीच असते, आपण बसविलेल्या फाइल मॅनेजरची नसते. तेव्हां जुना राहूं द्यावा, नवा खालच्या पट्टीवर लावून ठेवावा, आणि हाताची सवय हळूहळू नव्याकडे वळूं द्यावी. कोणतेंहि फोल्डर उघडलें असतां यंत्राच्या फाइल मॅनेजरऐवजीं आपलाच समोर यावा, अशी योजना डिरेक्टरी ओपस यासारख्या कांहीं विकतच्या प्रोग्रामांत आहे, व लिनक्सवर ती सहज होते. परंतु ज्या यंत्रावर घरांतील इतर माणसें काम करतात त्यावर त्यांस विचारल्यावांचून ती करूं नये. वडिलांनीं सकाळीं दुकानाचा हिशेब उघडावयास जावें आणि समोर अनोळखी दोन चौकटी याव्यात, यांत सुधारणा नाहीं, उपद्रव आहे. आणि प्रोग्राम आणावयाचा तो त्याच्या कर्त्यांच्या स्वतःच्या ठिकाणाहूनच आणावा. सारख्या नांवाचे भलतेच प्रोग्राम गळ्यांत बांधणारीं ठिकाणें थोडीं नाहींत.

परीक्षेंत फाइल एक्सप्लोररच विचारतील, मग मुलांचें नुकसान होणार नाहीं काय, असें एका मातेनीं विचारलें. त्यांची काळजी रास्त आहे. आम्ही पांचवी ते सातवीच्या वर्गांस फाइल एक्सप्लोररच शिकवितों, व पुढेंहि त्यावरील प्रश्न सोडवून घेतों. परंतु अनुभव असा आहे कीं, ज्यास ‘कोठून’ व ‘कोठें’ हें एकदां दिसलें, त्यास एका चौकटीच्या प्रोग्रामांत काम करणें जड जात नाहीं. न दिसणारी दुसरी चौकट तो मनांत धरून चालतो. उलट दिशेनें मात्र तसें होत नाहीं.

ती मुलगी आतां दहावींत आहे. संगणक-कक्षांत शनिवारची प्रत करण्याचें काम तिनें आपण होऊन मागून घेतलें. गेल्या महिन्यांत तिनें आजींच्या १४ ओव्यांस नवीं नांवें दिलीं. प्रत्येक नांवांत आधीं तारीख, मग ओवीचे पहिले दोन शब्द, मग ‘आजी’. फोल्डरांत त्यांच्या खालीं आणखी सहा फाइली दिसल्या, म्हणून आम्हीं विचारलें. गेलेल्या अकरांपैकीं सहा तिच्या आईंस आठवल्या, त्या तिनें स्वयंपाकघरांत बसून आईंच्या आवाजांत मुद्रित केल्या होत्या. त्यांच्या नांवांत शेवटीं ‘आई’ असें होतें. “सर, दोन्ही बाजूंस वीस आहेत,” असें म्हणून तिनें आम्हांस डावी आणि उजवी चौकट दाखविली, आणि पेन ड्राइव्ह काढून दप्तरांत ठेवला.